त्याला काय कळतंय!

‘माझ्या थेरपिस्टचं म्हणणं असं की...’ हे वाक्य हल्ली ऑफिसच्या कँटीनमध्ये ‘चहा घेणार का?’ इतक्या सहज कानावर पडतं. ब्रेकअप झालं, थेरपी. बॉस छळतोय, थेरपी. काही कंपन्यांत तर एचआरच काउन्सेलरचा नंबर मेल करतं. झकास! मन दुखलं की कुणाशी तरी बोलावं, एवढं आपल्या पिढीला एकदाचं पटलंय.

पण या यादीतून काही माणसं आपण गुपचूप वगळलीयत. मित्राचा मोठा भाऊ, मावशीची मुलगी, सोसायटीच्या गेटपाशी उभा राहून प्रत्येक गाडीला टाटा करणारा तो काका. ज्यांच्या सर्टिफिकेटवर ‘बौद्धिक अक्षमता’ लिहिलेलं असतं, ती माणसं. त्यांना थेरपी? ‘छे, त्याला काय कळतंय!’

आमच्या टीममधल्या एका मैत्रिणीचा दादा छत्तीस वर्षांचा आहे. रोज कार्यशाळेत जातो, पणत्या रंगवतो, सगळ्यांकडे बघून हसतो. वडील गेले तेव्हा घरच्यांनी त्याला सांगितलं, ‘बाबा गावाला गेलेत.’ त्याला त्रास नको म्हणून. अंत्यदर्शन नाही, दहाव्यालाही तो शेजारच्या काकूंकडे. महिन्याभरानं तो जेवेनासा झाला. संध्याकाळी सात वाजले की दारात जाऊन उभा राहायचा, आत ओढायला गेलं की अंगावर धावून यायचा. नातेवाइकांचं निदान तयारच होतं, ‘या मुलांचं असंच असतं. वय वाढलं की हट्टी होतात.’

आता हेच सगळं तुमच्या-माझ्या बाबतीत लावून बघा. वडील नुकतेच गेलेत, जेवण सुटलंय, चिडचिड होतेय. कुणीही म्हणेल, बाबा रे, हे दुःख आहे! मग दादाच्या वेळी ते ‘हट्ट’ का होतं? अमेरिकेत १९८२ मध्ये स्टीव्हन राइस आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं. एकच केस तज्ज्ञांपुढे ठेवली. फरक इतकाच, की काही जणांना त्या माणसाची बुद्धी कमी असल्याचं सांगितलं. त्यांना त्याचा मानसिक त्रास तितकासा दिसलाच नाही! याला ‘डायग्नॉस्टिक ओव्हरशॅडोइंग’ म्हणतात. आपल्या भाषेत, एका लेबलच्या सावलीत अख्खा माणूस झाकला जाणं.

हे लेबल जुनं आहे. खुद्द फ्रॉइडनं १९०४ मध्ये लिहून ठेवलं होतं, की त्याच्या पद्धतीच्या उपचारासाठी पेशंटकडे थोडीफार बुद्धिमत्ता हवीच. म्हणजे प्रवेश परीक्षा! पुढं लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमधल्या काही थेरपिस्टनी हे दार उघडलं. त्यांतल्या व्हॅलरी सिनासन यांनी १९९२ च्या पुस्तकात एक गोष्ट मांडली, जी वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. यांतल्या अनेकांच्या चेहऱ्यावरचं कायमचं हसू हे आनंदाचं नसतं, ती ढाल असते. आपण इतरांना नकोसे आहोत हे त्यांना कळत असतं, मग समोरच्याला खूश ठेवायला ते हसतात. ‘किती गोड, नेहमी हसतमुख!’ असं आपण म्हणतो तेव्हा नेमकं काय बघत असतो, देव जाणे.

बरं, ज्याला धड वाचता येत नाही, मोठी वाक्यं झेपत नाहीत, त्याच्याशी थेरपीत बोलायचं तरी कसं? उत्तर अगदी साधं आहे. थेरपी माणसाच्या मापाची शिवायची. सेशन छोटं, पण दर आठवड्याला तीच खोली, तीच वेळ. वाक्य छोटं, एका वेळी एकच मुद्दा. चित्रं, फोटो, बाहुल्या, हावभाव. ‘हो-नाही’चे प्रश्न शक्यतो टाळायचे, कारण गोंधळलं की ‘हो’ म्हणून मोकळं व्हायची सवय यांतल्या अनेकांना लागलेली असते. आणि आत बोललेलं, जिवाला धोका नसेल तर, आईलाही सांगायचं नाही. ज्याच्या आयुष्यात बाथरूमलासुद्धा कडी नसते, त्याच्यासाठी ही केवढी मोठी गोष्ट!

लंडनच्याच मानसोपचारतज्ज्ञ शीला हॉलिन्स यांनी १९८९ पासून अशा माणसांसाठी शब्दांविना, निव्वळ चित्रांची पुस्तकं काढली. सुरुवातीच्या पुस्तकांतल्या एकाचं नाव होतं, ‘व्हेन डॅड डाइड’. बाबा गेले तेव्हा.

मैत्रिणीच्या दादाला अखेर एक समजूतदार काउन्सेलर भेटली. तिनं बाबांचा फोटो हातात देऊन त्याला सांगितलं, ‘बाबांचं शरीर बंद पडलं. ते मेले. ते परत येणार नाहीत.’ ‘देवाघरी गेले’ नाही, ‘झोपले’ नाही. तो ढसाढसा रडला, बाबा गेल्यावर पहिल्यांदाच. आता रोज सात वाजता तो फोटोपुढे दिवा लावतो. कधीकधी अजूनही दारात जातो. पण जेवायला लागलाय.

ही काही जादूची कांडी नाही. संशोधन अजून थोडंच आहे. तरी ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेनं २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत सौम्य अक्षमता आणि डिप्रेशन असलेल्यांसाठी त्यांना झेपेल अशा सीबीटीचा विचार करा, असं म्हटलंय. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्याच एका चाचणीत डिप्रेशन असलेल्या १६१ प्रौढांना दोनपैकी एक बोलण्याची थेरपी दिली गेली, सोबत ओळखीचं माणूस बसवून. दोन्ही गटांना बरं वाटलं, कुठलीही एक थेरपी सरस ठरली नाही.

आणि आपल्याकडे? पुण्यात ‘कामायनी’ शाळा १९६४ मध्ये सुरू झाली, म्हणजे शिक्षणाचा विचार जुना आहे. ‘चौकट राजा’मधल्या नंदूला मन आहे, हे १९९१ मध्ये थिएटरात बसून आपल्याला लगेच कळलं होतं. २०१७ चा कायदा बौद्धिक अक्षमतेला मानसिक आजार मानत नाही, ते बरोबरच आहे. पण सरकारी मानसिक आरोग्यसेवेचा हक्क तो प्रत्येकाला देतो. प्रत्येकाला म्हणजे दादालाही!

तुमच्या घरी असा भाऊ किंवा बहीण असेल, तर हे तुमच्याच कामाचं आहे. आई-बाबांनंतर तो बहुतेक तुमच्याकडेच येणार. वागणं अचानक बदललं तर आधी डॉक्टर गाठा, दाढदुखीही माणसाला आक्रमक बनवते. मग विचारा, गेल्या काही महिन्यांत याच्या आयुष्यातून कोण गेलं? ताईचं लग्न झालं, आवडत्या बाई शाळा सोडून गेल्या, घर बदललं... आपल्याला छोटं वाटणारं त्याचं जग हलवून टाकतं. काउन्सेलर निवडताना एवढंच बघा, की ती तुमच्याशी बोलते की त्याच्याशी.

आणि घरी कुणी नसेल, तर गेटपाशी तो काका आहेच. उद्या टाटाला टाटा करून सटकू नका. ‘काका, आज कसं वाटतंय?’ असं विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. वेळ लागेल. पंचिंग दोन मिनिटं उशिरा झालं तरी चालतं, बॉस!