बंद मोटारीला इतिहास म्हणू नका

१/ जुन्या वस्तूंच्या बाजारात होडीची एखादी जुनी आउटबोर्ड मोटार विक्रीस येते. घेणारा तिचा गंज घासतो, नवा रंग देतो, पितळ चकचकीत करतो आणि ती दिवाणखान्यात मांडतो. ‘इतिहास जपला’ असे कौतुक होते. हा धागा त्या कौतुकाच्या विरोधात आहे. घासून टाकला गेला, तोच इतिहास होता.

२/ आउटबोर्ड म्हणजे इंजिन, उभा दांडा आणि पाण्यातला पंखा एकाच सांगाड्यात बसवून होडीच्या मागच्या फळीला अडकवायची मोटार. तिच्या जन्माची एक गोड कथा सर्वत्र सांगितली जाते. विस्कॉन्सिनमधील ओकौची तलावावर ओले एव्हिनरूड हा नॉर्वेत जन्मलेला यंत्रकुशल तरुण बेससाठी आइस्क्रीम आणायला वल्ही मारत गेला. परतेपर्यंत ते वितळले आणि त्यातून मोटारीची कल्पना सुचली.

३/ कथा सोपी आहे, म्हणूनच संशयास्पद आहे. कॅमेरॉन वॉटरमनने डेट्रॉईटमध्ये आपल्या आउटबोर्डची चाचणी १९०५ मध्येच घेतली होती आणि १९०७ मध्ये त्याला पेटंटही मिळाले. एव्हिनरूडची मोटार बाजारात आली ती १९०९ मध्ये: दीड अश्वशक्ती, वजन ६२ पौंड, किंमत ६२ डॉलर. तिचा पत्रव्यवहार, हिशेब आणि जाहिराती बेस सांभाळत होती. वल्ही फेकून द्या, असे गिऱ्हाइकाला सांगणारी प्रसिद्ध जाहिरात तिचीच. कथेने मात्र तिला काठावर आइस्क्रीमची वाट पाहत बसवले.

४/ दिवाणखान्यातील रंगवलेली मोटार नेमके हेच करते. गुंतागुंत झाकते आणि एक गुळगुळीत पृष्ठभाग पुढे करते. मोटार पुन्हा सुरू करायला बसलेल्या माणसाला ही सोय नसते. त्याला प्रत्येक भागाला ‘हे असे का?’ असे विचारावे लागते आणि खरे उत्तर मिळेपर्यंत इंजिन पेटत नाही.

५/ पहिला प्रश्न तेलाचा. आजच्या टू-स्ट्रोक इंजिनाच्या सवयीने ५० भाग पेट्रोलला १ भाग ऑइल घातले, तर अनेक जुन्या मोटारी स्वतःलाच खाऊन टाकतात. त्यांत ब्राँझचे साधे बुश असतात. त्यांना १६ ला १ इतके दाट मिश्रण लागते. तलावावर तरंगणारा निळसर धूर आणि तेलाचा तवंग ही निष्काळजीपणाची नव्हे, त्या काळच्या बेअरिंगची किंमत होती. काचेच्या कपाटातील मोटार धूर सोडत नाही, म्हणून ही किंमतही सांगत नाही.

६/ दुसरा प्रश्न कार्बोरेटरचा. जुने फ्लोट बुचाच्या लाकडाचे आणि त्यावर बहुधा लाखेचा लेप. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. आजच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये लेप जातो, बूच इंधन शोषते, फ्लोट बुडतो आणि कार्बोरेटर ओसंडतो. त्या काळी जगाच्या बाजारातील लाखेचा मोठा वाटा भारतातून जात असे. म्हणजे अमेरिकन तलावावरच्या या यंत्राचा एक धागा आपल्याकडच्या लाख गोळा करणाऱ्यांपर्यंत पोहोचतो. ‘एका माणसाचा शोध’ ही भाषा इथेच अपुरी पडते.

७/ तिसरा प्रश्न ठिणगीचा. मॅग्नेटोवर चालणाऱ्या मोटारीचे फ्लायव्हील उतरवले की पॉइंट दिसतात. त्यांवरचा थर काढायचा, फट गेजने जुळवायची, म्हातारा झालेला कंडेन्सर बदलायचा. बहुतेक वेळा प्लगला करंट येतो. दुकानापासून मैलोगणती दूर असलेला मालक स्वतः यंत्र उघडेल, हे रचनाकाराने गृहीत धरले होते. सीलबंद इलेक्ट्रॉनिक पेट्या विकणाऱ्या आजच्या बाजाराला हे गृहीतक आठवून देणे गैरसोयीचे आहे. म्हणूनच ते आठवून दिले पाहिजे.

८/ आणि मग दिसतात ओरखडे: मूळ स्क्रूच्या जागी बसवलेला भलताच स्क्रू, झाळून सांधलेली चीर, हाताने कापलेले गॅस्केट. ज्यांची नावे कुठल्याही पुस्तकात नाहीत, त्या दुरुस्ती करणाऱ्यांचा हा एकमेव दस्तऐवज. रंगाचा एक हात दिला की तो पुसला जातो.

९/ आक्षेप येतो: चालवल्याने मूळ भाग झिजतात. आक्षेप रास्त आहे. जगात एकच उरलेला नमुना कोणी चालवू नये. पण हजारोंनी बनलेल्या मोटारीला हा नियम लावणे म्हणजे आळसाला तत्त्वाचे नाव देणे. उघडण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत, काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून जपावा, अडकलेल्या पिस्टनवर हातोडा न चालवता तेलात मुरू द्यावे आणि चाचणी पाण्याच्या पिंपातच घ्यावी. रबरी इंपेलर कोरडा फिरला तर पाहता पाहता फाटतो.

१०/ घाई का, तर वेळ संपत आहे. बेस १९३३ मध्ये गेली, ओले १९३४ मध्ये. त्यांच्या उद्योगातून वाढलेली आउटबोर्ड मरीन कंपनी २००० मध्ये दिवाळखोरीत निघाली. नव्या मालकाने २०२० मध्ये एव्हिनरूड मोटारींचे उत्पादनच थांबवले. नकाशे आणि पुस्तिका उरतील; पण आवाज ऐकून मिश्रणाची सुई किती फिरवायची, हे कागदावर उतरत नाही. ते हातातून हातात जाते. एक पिढी चुकली की संपते.

११/ तेव्हा अशी मोटार हाती आली, तर रंगाचा डबा उघडण्यापूर्वी स्पार्क प्लग काढून पाहावा आणि एखाद्या वृद्ध मेकॅनिकला शेजारी बसवावे. पिंपातले पाणी ढवळले गेले, पहिला धूर निघाला, की पुढचे ती मोटारच सांगेल.