रूळ गेल्यावर

आचोळ्याच्या पश्चिमेस नालासोपाऱ्याचा लोहमार्ग आहे. विरारहून मुंबईस १८६७ साली सुरू झालेली गाड्यांची ये-जा तेथे आजही अखंड चालू आहे. अशा मार्गावर सायकलीस स्थान नाही, हे उचितच होय. परंतु जो लोहमार्ग कायमचा बंद पडतो, त्याच्या भूमीचे काय करावे?

अमेरिकेतील मिसूरी राज्यात १९८६ साली महापुरानंतर एक लोहमार्ग बंद झाला. रूळ निघाले, पण वाट राखली गेली. १९९० साली तिचा पहिला भाग सायकलस्वारांसाठी खुला झाला. आज हा ‘केटी मार्ग’ सुमारे ३८५ किलोमीटर लांब आहे. आगगाडीस तीव्र चढ मानवत नाही. म्हणूनच तिच्या जुन्या वाटेवर मुले व वृद्धही दूरचा पल्ला गाठू शकतात. शिवाय गरज भासल्यास तेथे पुन्हा रूळ टाकता येतात. तुकडे करून विकलेली वाट मात्र पुन्हा सांधणे दुष्कर असते. यास्तव बंद लोहमार्गाची भूमी विकू नये, राखावी.