तयार संगणक की जोडलेला?

पालकहो, बोनस किंवा भिशीचे पैसे मुलाच्या गेमिंग संगणकावर जाणार असतील, तर आधी हिशेब समजून घ्या.

तयार संगणकाला एकच बिल, एकच वॉरंटी. बंद पडला तर एकाच दारी जायचे. मात्र जाहिरातीत ग्राफिक्स कार्डाचे नाव ठळक असते. पॉवर सप्लाय कोणता, हे बहुधा नसते. शिवाय काही मोठ्या कंपन्यांचे मदरबोर्ड व पॉवर सप्लाय त्यांच्याच मापाचे असतात. पुढे बदलायचे झाल्यास बाजारातला भाग बसत नाही.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला सुटे भाग घेऊन संगणक जोडून मिळतो. पैसा कुठे घालायचा हे आपण ठरवतो. गेमसाठी तो ग्राफिक्स कार्डात घालावा, रंगीत दिव्यांत नव्हे. पॉवर सप्लाय मात्र स्वस्तातला घेऊ नये. तो बिघडला तर इतर भागही जळू शकतात. यात प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी असते आणि बिघाड कुठे आहे, हे आपल्यालाच शोधावे लागते.

‘बिल नको, जीएसटी वाचेल’ असे सांगणाऱ्याचे ऐकू नका. 18 टक्के वाचतील, पण वॉरंटीचा पुरावा जाईल. बिलावर प्रत्येक भागाचे मॉडेल व सीरियल नंबर लिहून घ्या.

घरात किंवा वस्तीत जाणकार असेल तर जोडून घ्या. नसेल तर तयार घ्या, पण आतील भागांची यादी लेखी मागा. आणि भाव काढण्याचे काम मुलावरच सोपवा. आपल्या घामाचा पैसा कशात जातो, हे त्यालाही कळू द्या.