मोकळं म्हणजे ढिसाळ नव्हे

‘लूज’ जलरंगाच्या नावाखाली सध्या जे समुद्र रंगवले जातात, त्यातले बरेचसे समुद्र नसतातच. कागद भिजवायचा, निळा-करडा रंग सोडायचा, बोर्ड कलता करायचा, वर एक काळी होडी ठोकायची. झाला माहोल! आपण जे पाहिलंच नाही, ते धुक्याखाली दडपायची ही सोय आहे.

मीही हे केलंय. पुण्यातली एक वीकेंड कार्यशाळा. एसी हॉल, पडद्यावर परदेशातल्या किनाऱ्याचा फोटो आणि सरांचं पालुपद: ‘विचार करू नका, पाणी करेल.’ आठवडाभर कोड लिहिणाऱ्या मला हायसं वाटलं. संध्याकाळी वीस चित्रं भिंतीवर लागली, तेव्हा माझं कुठलं ते मला सही बघून ओळखावं लागलं.

मग मे महिन्यात हर्णैला गेले. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. सगळं पाण्यावर सोपवलं आणि किल्ला आभाळात वाहून गेला. दुसऱ्या दिवशी नुसती बघत बसले. धुकं नव्हतंच. दमट हवेनं किल्ला फिकट दिसत होता, पण तटाची वरची कड शाबूत होती. विरली होती ती पाण्यालगतची. बंदरातल्या होड्या त्याहून कितीतरी गडद. म्हणजे कुठली कड ओल्यावर सोडायची आणि कुठली कोरड्यावर घ्यायची, हे ब्रश बुडवण्याआधीच ठरवायला हवं. कागदाची चकाकी गेलीय पण ओल आहे, ही वेळ जेमतेम काही मिनिटांची. ती हुकली आणि वर पाणीदार रंग पडला, की फुलकोबीसारखे डाग उठतात. लाटेचा पांढरा तर कोरा कागद राखूनच मिळतो. इथे ‘अनडू’ नाही. असं असताना ‘विचार करू नका’?

यावर हमखास टर्नरचं नाव पुढे केलं जातं. त्याची सुमारे 300 स्केचबुकं लंडनच्या टेट संग्रहात आहेत. त्यांत पेन्सिलीनं टिपलेले किनारे, जहाजं, आभाळं पानोपानी आहेत. त्याचं धुकं आलं ते एवढं पाहिल्यानंतर.

ताण हलका होतो म्हणून कुणी रंग सांडत असेल तर खुशाल सांडावेत. फक्त त्याला समुद्र म्हणू नये.

तिसऱ्या दिवशीचं माझं चित्रही फसलं. पण कुठे फसलं ते मला सांगता येतं: तटाची उजवी कड मी मिनिटभर लवकर घेतली.