श्रोता अडाणी कीं लेखक आंधळा?

हल्लीं खेड्यांत लोकजागृतीचीं पथनाट्यें येऊं लागलीं आहेत. भर दुपारीं चावडीपुढें खेळ लागतो. ज्यांना उपदेश करावयाचा, ते त्या वेळीं शेतांत राबत असतात. समोर बसतात शाळेचीं पोरें आणि दोन म्हातारे. नटांच्या तोंडीं भाषा सरकारी परिपत्रकाची. कर्ज, दारू, बालविवाह, विषय सारे आमच्या जिवावर बेतलेले; पण त्यांतला शेतकरी पाहावा तर फेटा वांकडा, बोलणें बोबडें, अक्कल गहाण! खेळ संपला कीं फोटो निघतात, आणि वर कळविलें जातें कीं, लोकच अडाणी, त्यांस कांहीं कळत नाहीं.

वाचकहो, कळत कोणास नाहीं? पेरण्यापूर्वीं ज्यानें जमीन पाहिली नाहीं, त्यानें न उगवल्याचा दोष जमिनीस द्यावा, हा कोठला न्याय? असा खेळ मुळीं आमच्यासाठीं रचलेलाच नसतो. तो मंजुरी देणाऱ्या साहेबासाठीं असतो. साहेब खूष, काम फत्ते!

आतां जोतीरावांची रीत पाहा. 'शेतकऱ्याचा असूड' त्यांनीं १८८३ सालीं लिहिला. ग्रंथ तयार होत असतांनाच पुणें, मुंबई, जुन्नर, ओतूर, हडपसर येथील लोकांस त्यांनीं तो वाचून दाखविला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनींही तो ऐकला. ज्यांच्याविषयीं लिहावयाचें, त्यांच्या कानांवरून मजकूर आधीं गेला.

कोणी म्हणेल, श्रोत्यांकडे पाहून लिहिणें म्हणजे त्यांची खुशामत. साफ खोटें! त्याच ग्रंथांत जोतीरावांनीं शेतकऱ्यांच्या बालविवाहाविरुद्ध आणि एकाहून अधिक बायका करण्याविरुद्ध कायदा मागितला आहे. कडू औषध दिलें, पण रोग्याची नाडी पाहून दिलें.

सत्यशोधक जलसेवाल्यांनींही हेंच ओळखलें. दिवसभर राबलेला माणूस व्याख्यानास पेंगतो, ढोलकीस जागा होतो. म्हणून त्यांनीं तमाशाचाच घाट घेतला, सोंगाड्या ठेवला, आणि त्यांत विचार नवा भरला. भाषा सोपी झाली म्हणून विचार हलका झाला नाहीं.

तेव्हां लेखकबंधूंनो, खेळ बसविण्यापूर्वीं गांवच्या चार माणसांस तो ऐकवा. त्यांत दोन बाया असूं द्या. ते जेथें जांभई देतील तेथें काट मारा. जेथें 'असें नसतें' म्हणतील तेथें वही पुढें करा. दिवेलागणीनंतर या. हें जमत नसेल तर खुशाल साहेबापुढें नाचा. पण त्या सोंगास लोकजागृतीचें नांव देऊं नका.

— एक खेडेगांवचा शिक्षक