मौदूदींना वाचवले कोणी?
औरंगाबादेत १९०३ साली जन्मलेले मौलाना अबुल आला मौदूदी विसाव्या शतकातील राजकीय इस्लामचे बिनीचे भाष्यकार. त्यांनी १९४१ मध्ये लाहोरला जमात-ए-इस्लामी स्थापन केली. सार्वभौमत्व ईश्वराचे, लोकांचे नव्हे, हा त्यांचा गाभ्याचा सिद्धान्त. तो अमलात आल्यास अल्पसंख्याकांचे काय, हे पाकिस्तानातील १९५३ च्या, अहमदिया पंथाविरोधी दंगलींच्या चौकशीत उघड झाले. हिंदूंनी आपल्या धर्मावर आधारलेली राज्यघटना केली तर चालेल का, या चौकशीतील प्रश्नावर, भारतात मनूच्या कायद्यानुसार मुसलमानांना शूद्र किंवा म्लेच्छ ठरवले तरी आपली हरकत नसेल, असे मौदूदींनी सांगितले. भूमिका तर्काला धरून होती आणि तिचा धोका नेमका तिथेच होता. आपल्या धर्मराज्यासाठी त्यांनी सीमेपलीकडच्या कोट्यवधी स्वधर्मीयांचे समान नागरिकत्व पणाला लावले.

मौदूदी हुकूमशाहीविरुद्ध लढले, १९६५ च्या अध्यक्षीय निवडणुकीत अयुब खान यांच्या विरोधात फातिमा जिना यांना पाठिंबा देऊन उभे राहिले, हा समर्थकांचा दावा खराच आहे. लष्करी न्यायालयाने दिलेल्या फाशीच्या शिक्षेपुढेही ते डगमगले नाहीत. पण १९६४ मध्ये जमातवर बंदी आली, तेव्हा ती उठवली सर्वोच्च न्यायालयाने, संघटनस्वातंत्र्याच्या आधारे. हे स्वातंत्र्य श्रद्धा तपासून मिळत नाही, म्हणूनच ते विरोधकाच्याही कामी येते. याउलट, मौदूदींना हवे होते तसे, पाकिस्तानने १९७४ मध्ये अहमदियांना घटनेनेच मुस्लिमेतर ठरवले. मौदूदींच्या वारशाचे मोजमाप त्यांच्या निर्भयतेवर नव्हे, तर या बहिष्कारावर व्हायला हवे.