इंग्रजीच्या तासाला मुले गप्प का असतात?

दहावीच्या वर्गात इंग्रजी संभाषणाचा तास सुरू झाला की मागील बाकांवरील माना खाली जातात. गणिताच्या तासाला हट्टाने प्रश्न विचारणारी मुलगी, मैदानावर साऱ्या संघाला आवाज देणारा मुलगा, येथे साधे नाव विचारले तरी ओठ मिटून उभा राहतो. शिक्षकांच्या खोलीत याचे निदान 'रस नाही' असे होते. पालकसभेत त्यालाच 'आळस' म्हणतात. आमचे मत या दोहोंहून वेगळे आहे. स्मरणिकेच्या निमित्ताने ते माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधवांपुढे मांडावे असे वाटते.

आपल्या राज्यात २००० सालापासून इयत्ता पहिलीपासून इंग्रजी शिकवली जाते. म्हणजे दहावीतील विद्यार्थ्याने या भाषेबरोबर नऊ वर्षे काढलेली असतात. या काळात त्याचे मन वाढले. घरची ओढाताण त्याला कळते. आई-वडील ऊसतोडीला गेले की घर कसे चालते हे तो जाणतो. गावातील निवडणुकीवर त्याचे स्वतःचे मत असते. परंतु संभाषणाच्या तासाला आपण त्याला विचारतो ते आवडता रंग, आवडता प्राणी, आवडता सण. पंधरा वर्षांच्या बुद्धीला सहा वर्षांची वाक्ये बोलायला लावली की तिला त्यात अपमान वाटतो, आणि अपमान टाळण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे गप्प राहणे.

यात आणखी एका लाजेची भर पडते. 'मी अभ्यास करायलोय' असे आमची मुले सहज म्हणतात. ही मराठवाड्याची बोली आहे, सशक्त आणि नेमकी. पण पुण्या-मुंबईकडचा कोणी तिला हसतो, कधी आपल्यातीलच कोणी शिकलेला हसतो. ज्याच्या मायबोलीलाच अशुद्ध ठरवले गेले, तो मुलगा परक्या भाषेत चारचौघांसमोर चुकण्याचे धाडस कोठून आणणार? म्हणून आमचे पहिले म्हणणे असे की, इंग्रजी बोलायला शिकवायचे असेल तर मुलाच्या बोलीचा मान आधी राखला पाहिजे.

परीक्षेनेही या मौनाला हातभार लावला आहे. भाषेच्या शंभर गुणांपैकी ऐंशी लेखी आणि वीस अंतर्गत मूल्यमापनाचे. २०१९ च्या परीक्षेत हे अंतर्गत गुण रद्द झाले होते. राज्याचा दहावीचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला आणि पुढील वर्षी ते गुण पुन्हा सुरू झाले. तेव्हा चर्चा झाली ती गुणांची. त्या गुणांच्या बदल्यात मूल खरोखर बोलते काय, हा प्रश्न मागेच राहिला. विद्यार्थी चतुर असतात. न बोलताही हे गुण मिळतात हे त्यांना वरच्या वर्गातील मुलांकडून आधीच कळलेले असते. अशा स्थितीत 'गुण जातील' हा धाक निरुपयोगी ठरतो.

मग बोलायचे कशासाठी? याचे प्रामाणिक उत्तर मुलांना दिले पाहिजे. इंग्रजी आली की नोकरी मिळते, हे पूर्ण सत्य नाही. इंग्रजी बोलणारे बेरोजगार त्यांनी पाहिलेले आहेत. खरे उत्तर वेगळे आहे. दहावीनंतर येथील मुले नांदेड, लातूर, छत्रपती संभाजीनगर, पुणे या शहरांकडे जातात. अकरावी विज्ञान शाखेत शिकवणे इंग्रजीतून असते. उत्तर ठाऊक असूनही हात वर करण्याची हिंमत होत नाही. समजले नाही तरी विचारता येत नाही. हुशार विद्यार्थी असे हळूहळू मागे सरकतात, शाखा बदलतात, काही परत येतात. त्यांचे ज्ञान कमी नसते. शंका बोलून दाखवण्याची सवय त्यांना नसते.

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हाला येथे आपल्याच भूमीचे स्मरण होते. वसमत हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. कारभाराची भाषा उर्दू, आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातील शिक्षणाचे माध्यमही उर्दू. मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याला आपल्याच जमिनीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे, आपले गाऱ्हाणे दुसऱ्याच्या तोंडून मांडावे लागे. १९४८ नंतर ती भाषा गेली, परंतु सत्तेची भाषा ज्याला बोलता येत नाही त्याला मध्यस्थ लागतो, हा नियम बदलला नाही. आपल्या मुलांना मध्यस्थ लागू नये, एवढाच आमचा इंग्रजीचा आग्रह आहे.

बाबासाहेबांच्या इंग्रजीचा आपणा सर्वांना अभिमान आहे. ती कशी घडली याकडे मात्र आपले लक्ष कमी जाते. सुभेदार रामजींनी मुलाची इंग्रजी व भाषांतर घरी करून घेतले आणि पुस्तकांसाठी प्रसंगी लेकीचा दागिना गहाण ठेवला. पुढे ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात प्रा. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात बाबासाहेबांनी निबंध वाचला, त्या वेळी त्यांचे वय पंचवीस वर्षांचे होते. परक्या देशात, परक्या भाषेत त्यांनी विषय निवडला तो भारतातील जातींचा; म्हणजे जो त्यांनी ग्रंथांत वाचला होता आणि अंगावर सोसलाही होता. १९१९ साली साउथबरो समितीपुढे आणि १९३० साली गोलमेज परिषदेत ते इंग्रजीत बोलले, तेही आपल्या माणसांचे प्रश्न मांडण्यासाठीच. त्याच बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' सुरू केला तो मराठीत. सांगण्यासारखे काही आणि ऐकणारा कोणी असला की भाषा कामाला येते, हा धडा आम्ही यातून घेतो.

वर्गात हे कसे आणावे? वसमत म्हटले की हळद आलीच. हळदीची काढणी, शिजवणी, वाळवणी, पॉलिश आणि मग मोंढ्यातील बोली, हे सारे आमच्या मुलांनी हाताने केलेले किंवा डोळ्यांनी पाहिलेले असते. हळद विकावी की भाव येईपर्यंत ठेवावी, असा प्रश्न फळ्यावर लिहिला की वर्गात वाद पेटतो. इंग्रजी शब्द अडला तर मराठी शब्द घालून पुढे जावे, एवढी मुभा दिली की वाक्ये मोडकी का होईना, पण येऊ लागतात. वसतिगृहाच्या खानावळीतील भाजी, मोबाइल वापरण्याचे नियम, अकरावीला कोणती शाखा घ्यावी, हे विषयही असेच जिवंत आहेत. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात विद्यार्थ्यांची संसद भरत असे आणि बाबासाहेबांनी १९५० साली तिच्यापुढे हिंदू कोड बिलावर भाषण केले होते. आपल्या वसतिगृहातही आठवड्यातून एकदा अशी संसद का भरू नये?

दुसरी गोष्ट साध्या हिशेबाची आहे. चाळीस मिनिटांचा तास आणि पन्नास मुले. एकेकाला उभे केले तर प्रत्येकाच्या वाट्याला एक मिनिटही येत नाही, आणि त्या मिनिटभरात एकोणपन्नास जण त्याच्याकडे पाहत असतात. दोघा-दोघांच्या जोड्या केल्या तर प्रत्येकाला वीस मिनिटे मिळतात आणि ऐकणारा एकच असतो. गोंगाट होतो, तो सोसावा. शिक्षकाने जोड्यांतून फिरत नेहमीच्या तीन-चार चुका टिपून घ्याव्यात आणि तासाच्या शेवटी, कोणाचे नाव न घेता, फळ्यावर दुरुस्त कराव्यात.

निवासी शाळेत तिसरा मार्गही हाताशी असतो. दहावीच्या मुलांनी सायंकाळी पाचवीच्या मुलांना इंग्रजीत एखादी गोष्ट सांगावी. लहानांसमोर चुकण्याची भीती वाटत नाही आणि मोठेपणाची जबाबदारी अंगावर येते. वर्गात वर्षभर न बोललेली मुले अशा वेळी हातवारे करून वाघ उभा करतात, हा आमचा अनुभव आहे.

ओढ असली की मूल किती दूर जाते याचे उदाहरण मराठवाड्यातच आहे. छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे पंचवीस किलोमीटरवरील गाडीवाट येथील जिल्हा परिषद शाळेने मुलांना विचारले, कोणती परकी भाषा शिकाल? यंत्रमानवाचे कुतूहल असलेल्या त्या मुलांनी जपानी निवडली आणि ती शिकून बोलूही लागली. २०२० साली ही बातमी देशभर गाजली. त्या मुलांना कारण आधी सापडले, भाषा त्यामागून आली.

काही सहकारी म्हणतील, दहावीचे वर्ष आहे, अभ्यासक्रम कधी पूर्ण करायचा? आक्षेप रास्त आहे. दिवाळीनंतर सराव परीक्षा सुरू झाल्या की संभाषणाला जागा उरत नाही, हे आम्हीही जाणतो. म्हणूनच जूनपासून दिवाळीपर्यंत आठवड्याचे दोन तास यासाठी राखावेत आणि त्यांवर दुसऱ्या कशाचेही आक्रमण होऊ देऊ नये. ज्याला बोलता येऊ लागते त्याचे लेखनही मोकळे होते, त्यामुळे हे तास वाया जात नाहीत.

आता थोडे आपणा सर्वांकडे. पालकांनी मुलाला 'इंग्रजीत बोलून दाखव' असे पाहुण्यांसमोर उभे करू नये. 'आज वर्गात कशावर वाद झाला?' असे विचारावे. माजी विद्यार्थ्यांकडे आमचे मागणे अधिक आहे. आपल्यापैकी कोणी परिचारिका आहेत, कोणी अभियंते, कोणी सैन्यात, कोणी बँकेत. स्मरणिकेसाठी आपण देणगी दिली, त्याबद्दल शाळा ऋणी आहे. आता महिन्यातील एका रविवारी दहा मिनिटे द्यावीत. वसतिगृहातील एका विद्यार्थ्याशी दूरध्वनीवर इंग्रजीत बोलावे. त्याच्या गावाबद्दल, त्याच्या बेताबद्दल विचारावे आणि मधे न थांबवता ऐकून घ्यावे. त्याच्यासारख्याच घरातून आलेला माणूस अडखळत का होईना, इंग्रजीत आपले काम करतो, हे त्याला आपल्याच आवाजातून कळू द्यावे. ज्यांची तयारी असेल त्यांनी येत्या जूनपूर्वी शाळेच्या कार्यालयात नाव नोंदवावे, ही नम्र विनंती.